भिंतीवरचे सतरा जण आणि त्यांतले आमचे किती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा फोटोंना फ्रेम बसवणे, शिक्षण चौथी पास, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक दाखवून, गोड बोलून किंवा औषध पाजून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. धाक दाखवायला माझ्याकडे कोणी फिरकत नाही आणि गोड बोलणारे दोन मिनिटांत कंटाळून निघून जातात.

यापुढे मी लिहिलं होतं, "मात्र मी सध्या गोंधळात आहे." कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्या काकांना कच्चा कागद दाखवला तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, गोंधळ हा शब्द मृत्युपत्रात लिहायचा नसतो. उद्या कोणीही उठून म्हणेल, बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच तर गोंधळ कळतोय. ज्याचं ठिकाणावर नसतं त्याला सगळं स्वच्छ दिसतं. आमच्या धाकट्याला विचारा." तेव्हा ते म्हणाले, लिहा काय लिहायचं ते, पण डॉक्टरांची सही घ्या. ती शेवटी घेतली आहे.

येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात काम साधं आहे. साधं असतं तर त्यांनी ते तीनदा सांगितलं नसतं. म्हणून हा कागद.

कलम एक. दुकान, त्यातले सर्व सामान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या मालकीच्या आहेत. बाबांनी त्यांच्या कागदात तसे लिहून दिले. मी चौथी झाले आणि आई गेली. मग मी शाळा सोडून बाबांच्या हाताखाली उभी राहिले ती आजतागायत. माझा धाकटा भाऊ शिकला, जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागला, आणि त्याचा वाटा त्याला बाबांच्या हयातीतच घराच्या रूपाने मिळाला. ही गोष्ट तो वर्षातून एकदा विसरतो म्हणून इथे लिहिली.

कलम दोन. वरील दुकान आणि खोल्या माझ्या पश्चात माझी लांबची बहीण, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तिला मिळाव्यात.

हे कलम खोडलं आहे. खाडाखोडीवर सही केली आहे. अर्जवाल्या काकांनी विचारलं, "बहीण म्हणजे कोणत्या नात्याने?" मी कागद परत माझ्याकडे ओढला. मग ते म्हणाले, "नातं चुकीचं लिहिलं तर ज्याला भांडायचं आहे त्याच्या हातात तुम्ही आयता दोर देताय." म्हणून आधी नात्याचं काय ते लिहिते. लांबेल. मला लांबण लावलेली आवडत नाही, पण यात माझा इलाज नाही.

कलम तीन. वरच्या मोठ्या खोलीच्या भिंतीवर सतरा फोटो आहेत. काही माझ्या आठवणीच्या आधीपासून आहेत, काही नंतर येत गेले. आम्ही त्यांच्यासमोर जेवलो, भांडलो, अभ्यास केला (धाकट्याने). लहानपणी बाबांना विचारलं, "हे कोण?" तर ते तोंडात चुका धरून काम करत असत, त्यामुळे उत्तर "हं" एवढंच येई. चुका म्हणजे फ्रेमच्या मागे ठोकतात ते बारीक खिळे. बाबांनी आयुष्यभर तोंडात चुका धरल्या आणि आम्हाला आमच्या घराण्याबद्दल काही कळलं नाही, हे त्यामागचं कारण.

चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या डोक्यात वंशवृक्षाने घर केलं. त्याच्या कचेरीतल्या साहेबाने स्वतःच्या घराण्याचा केला होता, मग हा मागे कसा राहील. फोटोंना एक ते सतरा नंबर दिले आणि प्रत्येकाचा फोटो काढून तो मोठ्या आत्याकडे गेला. आत्याचं वय सत्त्याऐंशी, एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. हा विचारायचा, "आत्या, हे तुझे आजोबा ना?" ती म्हणायची, "असतील रे बाबा." हा वहीत लिहायचा, "आत्याने दुजोरा दिला." मी तिथे बसले होते म्हणून सांगते. तिसऱ्या फोटोनंतर तिला झोप लागली. तरी चौदा जणांना दुजोरा मिळाला.

मग त्याने तो वृक्ष काढला. खोटं कशाला बोलू, काढला सुंदर. नकाशे काढणारा हात आहे त्याचा. फांद्या हिरव्या, लग्नं लाल रेघांनी, मेलेल्यांना बारीक चौकट. तो कागद त्याने फोटोंसकट कॉम्प्युटरवर, कोणालाही दिसेल असा चढवला, नातेवाइकांना पाठवला, आणि माझ्याकडून मोठी फ्रेम करून घेतली. नंबर चार हे गणवेशातले, मिशा पिळलेले गृहस्थ आमचे पणजोबा ठरले, फौजेतले. धाकट्याचं चालणं त्या दिवसापासून बदललं. नंबर पाच या बाईचं नाक आणि माझं नाक एकच, हेही त्याने पट्टी लावून सिद्ध केलं. नंबर नऊ, खुर्चीत बसलेली, मांडीवर मिटलेली छत्री धरलेली, एक डोळा जरा बारीक केलेली बाई, ही आमच्या आजोबांची बहीण.

कलम चार. तो कागद कॉम्प्युटरवर गेल्यानंतर महिन्याभराने एका बाईचा धाकट्याला फोन आला. "नंबर नऊ माझी आजी आहे. हाच फोटो लहान आकारात आमच्याकडे आहे." तिला आजीच्या माहेरचं काही ठाऊक नव्हतं. आजी गेली त्याच वर्षी ही जन्मली, आणि आजी गेल्यावर घरचे हे गाव सोडून निघून गेले. धाकट्याला तर आनंदाचं भरतं आलं. त्याच्या झाडाला जिवंत फांदी फुटली होती.

ती आली. वय तेव्हा सदतीस, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम, आईवडील नाहीत, भावंड नाही, लग्न केलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही माझ्या ताई लागता म्हणे."

मी म्हटलं, "म्हणे म्हणजे? लागते की नाही ते ठरवून आत ये. माश्या येतात."

ती हसत आत आली. मला हसणारी माणसं एकदम आवडत नाहीत. त्यातून ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन उजेडाकडे धरून बघते, काचा घासणाऱ्यांची सवय. माझा चहाचा कपसुद्धा तिने उजेडाकडे धरला. मी म्हटलं, "धुतलेला आहे." ती म्हणाली, "ताई, तडा गेलाय, ओठ कापेल." गेला होता.

पहिल्या वर्षी ती रविवारी यायची. मग याच गावात चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. मग रोज संध्याकाळी यायला लागली. एकदा एक गिऱ्हाईक लंबगोल फ्रेम मागत होतं. लंबगोल काच कापणं बाबांना यायचं, मला कधीच जमलं नाही. मी दर वेळी "बंद केलंय ते" असं सांगून मोकळी व्हायचे. हिने माझ्या हातातून काच कापायचा हिरा घेतला, कागदावर आकार काढला, एका दमात फिरवला आणि काच खालून दोन बोटांनी टिचकावली. सुटली. मी बाबा गेल्यापासून तशी सुटलेली काच पाहिली नव्हती. मी म्हटलं, "बरं आहे." ती म्हणाली, "ताई बरं आहे म्हणाल्या, आज पाऊण तास आधी घरी गेले तरी चालेल." तोंडाची आगाऊ आहे.

मागच्या वर्षी मी जिन्यावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. सख्खा भाऊ दोनदा आला, दोन्ही वेळा वंशवृक्षाचा नवा कागद दाखवायला. ही सात आठवडे खाली दुकान आणि वर मी, दोन्ही सांभाळून होती. गिऱ्हाइकं विचारतात, "बहिणी का? भुवया अगदी सारख्या." मी हो म्हणत आले. चार वर्षं हो म्हणत आले.

कलम पाच. सहा महिन्यांपूर्वी भिंतीला रंग द्यायचा म्हणून सतराही फोटो उतरवले. नंबर नऊ माझ्या हातून पडला. काच फुटली. नवी बसवायला मागचा पुठ्ठा काढला, तर फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एक चिठ्ठी.

आमच्या दुकानाची पद्धत सांगते, म्हणजे कळेल. गिऱ्हाईक फोटो देऊन गेलं की त्याची चिठ्ठी करायची. कोणाचा, फ्रेमला कसली पट्टी, कधी हवा. काम झालं की ती चिठ्ठी पुठ्ठ्याच्या आत सरकवायची आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की काढून घ्यायची. चिठ्ठी आत म्हणजे फोटो नेलेला नाही. बाबांचा एक नियम होता, न नेलेला फोटो फेकायचा नाही, विकायचा नाही, फ्रेम काढून दुसऱ्याला वापरायची नाही. "माणूस येतं," म्हणायचे. त्या वेळी चुका तोंडातून काढायचे. दुकानात ओल यायची म्हणून असे फोटो ते वर आणून भिंतीला लावत असणार. आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून जेवलो.

नंबर नऊच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "छत्रीवाली बाई. काळी पट्टी. घाई नाही."

अक्षर बाबांचं नाही. माझं आहे. चौथीचं अक्षर, मोठं आणि उताराला लागलेलं. वर तारीख आहे, त्याप्रमाणे मी बारा वर्षांची होते. म्हणजे ती बाई माझ्यासमोर उभी होती, फोटो तिने माझ्या हातात दिला, आणि मी तिला विचारलं, घाई आहे का, कारण मी प्रत्येकाला तेच विचारते. ती नाही म्हणाली. मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी चिठ्ठी लिहिताना तोंडाकडे बघत नाही. तेव्हाही बघत नसणार.

मग खाली बसून मी सतराच्या सतरा उघडले. नऊ फोटोंत काही नव्हतं, ते आमचे धरते. सहांत चिठ्ठ्या होत्या आणि त्या चित्राशी जुळत होत्या, ते सहा गिऱ्हाइकांचे. दोहोंत चिठ्ठ्या होत्या पण भलत्याच, त्यांचं कलम वेगळं केलं आहे. माझं नाक ज्या बाईवरून आलं ती नंबर पाच गिऱ्हाईक निघाली. तीन-चार वर्षं मी एका परक्या बाईचं नाक मिरवत होते. आता आरशात बघते तेव्हा हे कोणाचं म्हणून विचारावंसं वाटतं.

नंबर चारची चिठ्ठी बाबांच्या हातची. "बँडवाला. लवकर हवा." फोटोभोवती जाड कागदाची चौकट होती, ती उचलली तर खाली पणजोबांच्या हातात क्लॅरिनेट. चौकटीने बरोब्बर तेवढंच झाकलं होतं.

कलम सहा, माझ्या धाकट्या भावाबाबत. मी त्याला बोलावून चिठ्ठ्या दाखवल्या. पणजोबांवरची चौकट त्याने दोनदा खाली ठेवली, दोनदा उचलली, दोन्ही वेळा क्लॅरिनेट तिथेच. मग म्हणाला, "फौजेतही बँड असतो."

मी म्हटलं, "आपलाच पणजोबा लवकर हवा म्हणून दुकानात फोटो टाकून जातो आणि बाबा चिठ्ठीवर नुसतं बँडवाला लिहितात?"

"पण आत्याने दुजोरा दिलाय, ताई!"

"आत्याने माझ्यासमोर खुर्चीलासुद्धा दुजोरा दिला असता."

तो चिठ्ठ्या खोट्या म्हणत राहिला. महिनाभर म्हणत राहिला. मग त्याला कळलं की मी दुकान चष्मेवालीला द्यायचं म्हणते. त्याच संध्याकाळी आला, बूटही न काढता वर. "ताई, तूच म्हणालीस ना, नंबर नऊ गिऱ्हाईक आहे? मग ती आपली कोण? कोणीच नाही. परक्या बाईला बाबांचं दुकान?"

मी म्हटलं, "म्हणजे आता चिठ्ठ्या खऱ्या?"

"ती एक खरी असू शकते."

"आणि बँडवाल्याची?"

"त्याबद्दल अजून संशोधन चालू आहे."

यावर मी त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. झाडावरून उतरवायचं तर दोघांना उतरव. ठेवायचं तर दोघांना ठेव. क्लॅरिनेटवाल्याला पणजोबा म्हणून मिरवायचं आणि माझं प्लास्टर सांभाळणारीला परकी म्हणायचं, हे माझ्या घरात चालणार नाही. तो रागावून गेला. आता त्याच्या कागदावर नंबर नऊच्या जागी पांढरा रंग लावलेला आहे, मी स्वतः पाहिलं. पणजोबा जागच्या जागी आहेत.

तरीही तो माझा भाऊ आहे. आई गेल्यावर मी त्याला अंघोळी घातल्या आहेत, त्या कशा विसरू. त्याला नंबर चारचा फोटो द्यावा, झाकणारी चौकट आहे तशी बसवून. क्लॅरिनेट त्याच्या साहेबाला दिसू नये एवढी माझी माया आहे. मात्र बँडवाल्याचं कोणी न्यायला आलं तर त्याने तो मुकाट्याने परत करावा. बाबांचं घड्याळही त्यालाच.

कलम सात, किरकोळ. बँकेत जे असेल ते धाकट्याच्या मुलीच्या शिक्षणाला. ती चौथीच्या पुढे गेली आहे आणि मला उलट उत्तरं देते, दोन्ही चांगल्या खुणा. भावजयीला माझं लोखंडी कपाट, त्याचा वरचा कप्पा उघडत नाही, तो तिनेच लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात ओढून बिघडवला आणि आजवर कबूल केलं नाही. मोठ्या आत्याला रेडिओ. फ्रेमच्या पट्ट्या पुरवणाऱ्याला काहीही देऊ नये, वीस वर्षं तो मला वाकड्या पट्ट्या सरळ म्हणून देतो आहे. त्याला हे कलम वाचून दाखवावे, एवढंच. माझा नवरा तीन वर्षं होता आणि मग निघून गेला. त्याचा फोटो भिंतीवर नाही, कुठेच नाही. तो कधी आला तर त्याला चहा द्यावा आणि जिना दाखवावा.

कलम आठ, अधांतरी असलेल्या दोन फोटोंबाबत. एक आहे दोन बैलांचा. त्याची चिठ्ठी म्हणते, "बाळ, गोल फ्रेम." बैल आमचे नसावेत. तो राहू द्या.

दुसरा, नंबर अकरा. स्टुलावर उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी, पायात मोठ्या माणसाचे बूट, हसू दाबून धरलेलं. आत्या म्हणाली ही तुमची आई, लहानपणीची. हे धाकट्याने विचारायच्या कितीतरी आधी, तिला डोळे होते तेव्हाच म्हणाली होती. पण चिठ्ठी आत सापडली, त्यावर लिहिलंय, "दोघे भाऊ, लांब पट्टी." दोघे भाऊ सतरांत कुठेच नाहीत. बाबांनी जुना पुठ्ठा वापरला आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याची चिठ्ठी आली, असं असेल. किंवा ही मुलगी गिऱ्हाईक असेल आणि तिची चिठ्ठी भावांबरोबर गेली असेल. मी चिठ्ठी कितीदा उलटसुलट करून पाहिली.

आई गेल्यावर मी या फोटोशी बोलायचे. मोठेपणी काढलेला आईचा फोटोही भिंतीवर आहे, पण त्यात ती माझ्याकडे बघून काहीतरी सांगणार असं वाटतं, मला कोणी काही सांगितलेलं आवडत नाही. या पोरीला मी सगळं सांगितलं आहे. नवरा गेला तेव्हाही, गाठ सापडली तेव्हाही. आता जर ती कोणा तिऱ्हाइताची मुलगी असेल तर ते सगळं मी कोणाला सांगितलं? विचारायला कोणी उरलेलं नाही. आत्याला पुन्हा विचारलं, ती म्हणाली, "असेल गं बाई." आता मलाही तिने दुजोरा दिला.

नंबर अकरा होती तिथेच राहील. तिच्याखाली कोणतीही नावाची पट्टी लावू नये, आई अशी नाही आणि अज्ञात अशीही नाही.

कलम नऊ, हे मुख्य. दुकान, हत्यारे, काच कापायचा हिरा, कोन कापायची पेटी, सर्व पट्ट्या (वाकड्यांसह) आणि वरच्या दोन खोल्या माझ्या पश्चात चष्मेवालीला मिळाव्यात. ती माझी बहीण नाही, आतेबहीण नाही, लांबची किंवा जवळची कोणीही नाही, हे मी पूर्ण माहिती असताना लिहिते, तेव्हा नातं चुकलं म्हणून कोणी कचेरीच्या पायऱ्या चढू नयेत. ती आमच्या एका गिऱ्हाइकाची नात आहे. एकेचाळीस वर्षांत भिंतीवरच्या न नेलेल्या सहा फोटोंपैकी फक्त एकाचं माणूस आलं, ते हिच्या रूपाने. अट एकच. न नेलेला फोटो फेकायचा नाही.

कलम दहा. वरचं कलम लिहून पाच दिवस झाले तेव्हा चष्मेवालीला यातलं काही माहीत नव्हतं. चिठ्ठी मी पिठाच्या डब्याखाली ठेवली होती. सहा महिने ठेवली होती. मी कोणालाही तोंडावर वाटेल ते बोलते अशी माझी ख्याती आहे, पट्टीवाल्याला विचारा, पण हे बोलता येईना. तिने तिच्या नव्या खोलीत आमच्या वंशवृक्षाची प्रत लावली आहे. स्वतःच्या नावाभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढला आहे. विचार केला, मी मेल्यावर वाचेल, तेव्हा मला तिचं तोंड बघावं लागणार नाही.

शनिवारी ती संध्याकाळी आली तर मी साक्षीदार कोण घ्यावे याची यादी करत होते. तिने पेन काढलं. "मी करते ना सही, ताई. घरचंच माणूस हवं."

ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, केली तर त्याचंच जातं. काकांनी बजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, "तू नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

तिने पेनचं टोपण लावलं. बराच वेळ लावत राहिली. "मी परकी म्हणून?"

मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, "काच पुसून ठेव, उद्या तो डॉक्टरचा मोठा फोटो द्यायचाय." तिने काच पुसली आणि गेली. रविवारी आली नाही. सोमवारी आली नाही. चार वर्षांत असं झालं नव्हतं. दुकानात एक बाई लंबगोल फ्रेम मागायला आली, मी तिला सांगितलं, बंद केलंय ते, आणि मग खुर्चीवर बसून राहिले.

आज सकाळी मी चष्म्याच्या दुकानात गेले. पोटात दुखत होतं म्हणून रिक्षाने. ती मागच्या बाजूला काच घासत होती. मी चिठ्ठी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "वाच. अक्षर माझं आहे, माझ्यावर हसू नकोस."

तिने वाचली. मग उजेडाकडे धरली. कागदात काय दिसणार आहे, पण धरली. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच, चिठ्ठ्या, सहा जण, क्लॅरिनेट, पिठाचा डबा, सहा महिने. साक्षीदार का नको तेही सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि क्लॅरिनेटपाशी त्यातच हसू आलं. मला काय करावं कळेना. मी तिच्या काचा पुसल्या.

डोळे पुसून ती म्हणाली, "म्हणजे मी तुमची कोणीच नाही."

"नाहीस."

"मग मी तुम्हाला काय म्हणायचं?"

"ताईच म्हण. दुकानात येणारी सगळीच म्हणतात, तूही गिऱ्हाईकच आहेस." मग मला वाटलं हे फार कोरडं झालं, म्हणून म्हटलं, "आजीची फ्रेम तयार आहे. काळी पट्टी. नवी काच बसवली आहे. नियमाप्रमाणे तुला न्यायला हवी. चल."

ती सुट्टी टाकून माझ्याबरोबर आली. वर जाऊन मी नंबर नऊ उतरवला, पुठ्ठा काढला, चिठ्ठी आत नव्हती कारण ती तिच्या हातात होती. फोटो कागदात बांधायला घेतला. एकेचाळीस वर्षांनी का होईना, काम पुरं होत होतं आणि मला ते बरं वाटत नव्हतं, का ते कळत नव्हतं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता, नव्या रंगालाही सहा महिन्यांत पडला.

ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून फोटो घेतला, चिठ्ठी पुठ्ठ्याच्या आत होती तशी सरकवली, चुका तोंडात धरल्या आणि एकेक ठोकून पुठ्ठा बंद केला. खुर्चीवर चढून फोटो जागच्या जागी लावला. उतरून, दोन पावलं मागे जाऊन, सरळ आहे का बघितलं.

चुका तोंडात असल्यासारखंच बोलली. "राहू दे, ताई. घाई नाही."

गुरुवारी दवाखान्यात ती येणार आहे. फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही कोण करणार असं तिथे विचारतील. त्याचं काय करायचं ते आम्हाला दोघींना अजून कळलेलं नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, समजून लिहिले, आणि खाली नमूद दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही आणि दोघेही माझे कोणी लागत नाहीत, निदान अजून तरी तसे सिद्ध झालेले नाही.

ठिकाण : दुकानाच्या वरची मोठी खोली, भिंतीसमोर
तारीख : चौदा, मंगळवार, दुपार

लिहून ठेवणारी : फोटोफ्रेमच्या दुकानाची मालकीण (सही)

साक्षीदार :

१. शेजारचे कुलूपवाले. तीस वर्षे बाईंना ओळखतो. सही माझ्यासमोर केली. दुकानाची जादा चावी माझ्याकडे आहे, ती बाई सांगतील तिला देईन. (सही)

२. डॉक्टरीण. तपासणी केली, बाईंची बुद्धी पूर्ण शाबूत आहे. गोंधळाबाबत विचारले असता त्यांनी मला भिंतीवरील सतरा फोटो दाखवले. त्यांतले त्यांचे किती, ते मलाही सांगता आले नाही. (सही)